वजनावर घेतलेले पुराचे लाकूड

शहापूरच्या एका काकूंनी गणपतीसाठी नदीत वाहून आलेल्या लाकडाचे मखर करून मागितले, म्हणून गेल्या एप्रिलमध्ये मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर भागातील एका विक्रेत्याकडून लहानमोठे सात ओंडके घेतले. "ताई, हे २०१९ च्या महापुरात मलप्रभेतून आलेले लाकूड आहे, तेव्हापासून छपराखाली वाळते आहे," असे त्याने सांगितले. दर किलोला १८० रुपये, वजन ४२ किलो आणि कुजका भाग काढून औषध लावण्याचे वेगळे १,५०० रुपये, असे ९,०६० रुपये मी आगाऊ दिले आणि पावती मागितली नाही.

तोलताना लाकडे ओलीचिंब होती. मीठ निघून जावे म्हणून रात्रभर भिजत घातली होती, असे कारण त्याने दिले. मी तिथेच थांबायला हवे होते, कारण मीठ मुरते ते कारवारसारख्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या समुद्राच्या लाकडात. कणकुंबीजवळ उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या मलप्रभेच्या लाकडात ते येणार कुठून?

आठ दिवसांनी ओंडके घरी आले ते लाखेच्या पॉलिशने चकचकीत होऊन, आणि त्या चकाकीवर मी विश्वास ठेवला. जूनच्या सुरुवातीला मखराची कमान जोडताना मात्र स्क्रू लाकडात नुसता फिरत राहिला आणि हाताने थोडा जोर देताच फांदी मधोमध तुटली. शेजारच्या सुतारमामांनी पटाशीने वरचा थर खरवडला, तेव्हा भुसा आणि डिंक कालवून केलेल्या लांबीचा, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्याचा, बोटभर जाडीचा थर निघाला, तोही लाकडाच्याच रंगात रंगवलेला. त्याच्याखाली चौकोनी भेगा पडलेले, चिमटीत चुरा होणारे तपकिरी लाकूड होते. कुजलेला भाग काढलेला नव्हता, नुसता झाकलेला होता. सगळे ओंडके पुन्हा तोलले तर वजन २९ किलो भरले, म्हणजे १३ किलो पाण्यासाठी मी २,३४० रुपये मोजले होते.

फोन केल्यावर "पाण्यातले लाकूड कुजायचेच" असे उत्तर मिळाले आणि नंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. त्याचे ते उत्तरही खरे नव्हते. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल लागते तशी हवाही लागते, त्यामुळे पूर्ण बुडालेले लाकूड सहसा असे कुजत नाही. कुजते ते काठावर चिखलात अर्धवट रुतून ओलसर राहिलेले. लाकडातील ओल सुमारे २० टक्क्यांच्या खाली गेली की बुरशीची वाढ थांबते, पण ती मरतेच असे नाही. अशा लाकडाला पुन्हा भिजवून वरून पॉलिश चढवले की ओल आत कोंडते आणि कुजणे पुन्हा सुरू होते. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले असावे.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की पॉलिश केलेले किंवा ओले लाकूड वजनावर घेऊ नका. कोरे आणि कोरडे लाकूड मागा, टोच्या (टोकदार दाभण) घेऊन जा आणि फांदीच्या बेचक्यात, गाठीभोवती व जमिनीला टेकलेल्या बाजूला तो दाबून पाहा; सहज रुतला तर तो भाग गेलेला समजा. ठोकल्यावर बद्द आवाज येणे किंवा छिद्रांतून पिठासारखा भुसा गळणे, हीही वाईट लक्षणे आहेत. विक्रेत्याकडे वनखात्याचे कागद आहेत का, हेही विचारा, कारण वाहून आलेले लाकूड कोणाचा हक्क सिद्ध होईपर्यंत सरकारचे मानण्याची तरतूद भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये आहे.

साफसफाई स्वतःच करावी, असे आता माझे ठाम मत आहे. तारेच्या ब्रशने माती काढून, टोच्या रुतेनासा होईपर्यंत भुसभुशीत भाग कोरावा, मग लाकूड सावलीत वाळवून दर आठवड्याला तोलावे आणि वजन उतरायचे थांबल्यावर बोरिक पावडर व बोरॅक्सचे द्रावण लावून पुन्हा वाळवावे. पॉलिश सर्वांत शेवटी. कुजलेल्या भागात गेलेली ताकद कोणत्याही औषधाने परत येत नाही. म्हणून ज्यावर भार पडणार असेल तिथे तो तुकडा वापरू नये.

काकूंचे आगाऊ पैसे मी परत केले. सात ओंडक्यांपैकी दोनच धड निघाले, त्यांवर पेन्सिलीने वजन लिहून ते माळ्यावर ठेवले आहेत.