ग्रिमस्पाउंड: तिकीट नाही, कुंपण नाही, संडासही नाही

ऐतिहासिक जागी गेल्यावर ज्यांना तिकीटखिडकी, ऑडिओ गाइड आणि कॅफे लागतो, त्यांनी ग्रिमस्पाउंडच्या वाटेला जाऊ नये. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या डार्टमूर या उजाड माळरानावर, हुकनी टॉर आणि हॅमलडाउन टॉर या खडकाळ टेकड्यांच्या मधल्या खिंडीत ही कांस्ययुगातली वस्ती आहे. जाड दगडी कोट आणि त्याच्या आत २४ गोल घरांची जोती. जागा इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेची, पण प्रवेश फुकट. गाडी खालच्या चिंचोळ्या रस्त्याच्या कडेला लावायची आणि चढायचं. चढ थोडकाच, वारा मात्र टोपी घेऊन जातो.

आमचे बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. आग्नेयेच्या फरसबंद दरवाज्यापाशी थांबून म्हणाले, "अगं, ह्याची डागडुजी झालेली दिसतेय." शंका रास्त होती. १८९४ मध्ये इथे उत्खनन झालं आणि काही भाग पुन्हा रचला गेला. आता मूळ दगड कुठला आणि व्हिक्टोरियन हौस कुठली, हे माझ्यासारखीला उभ्याउभ्या कळत नाही. माझी तक्रार तेवढीच.

बाकी हात आखडता ठेवलाय तो मला आवडला. एखादं घर शाकारून आत चामडं नेसलेले पुतळे बसवायचा मोह कुणी आवरला, त्याला नमस्कार! राखणीचं बरंचसं काम मेंढ्या, गुरं आणि तट्टं करतात. ती चरतात म्हणून नेचे माजत नाहीत. माजले तर त्यांच्या जमिनीखालच्या खोडांनी पुराव्याचे थर उसकटतात.

पण नुसती जोती बघून माणसं दिसत नाहीत. इथल्या आम्लधर्मी मातीत हाडं टिकत नाहीत. म्हणून आधी पोस्टब्रिज गावच्या माहिती केंद्रात जा आणि डार्टमूरवरच्याच व्हाइटहॉर्स हिलची हकिगत समजून घ्या. तिथे पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा ओला थर, झिजून कांस्ययुगातल्या दफनाची एक दगडी पेटी उघडी पडत होती, म्हणून २०११ मध्ये ती खणली. आत अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या जळक्या अस्थी, अंबरचे मणी, गुरांच्या केसांची विणलेली, कथिलाचे खिळे लावलेली पट्टी! मूरवरच्या पीटने हे सगळं जपलं. मूळ वस्तू प्लिमथच्या 'द बॉक्स' या संग्रहालयात आहेत. हे डोक्यात घेऊन वर गेलात तर चुलीच्या जागेपाशी पाय थबकतो.

पाचपैकी चार तारे. धुकं असेल तर जाऊ नका, वाट सापडत नाही. आणि ज्येष्ठांना नेत असाल तर पोस्टब्रिजलाच सगळं उरकून घ्या.