क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या: मे ते नोव्हेंबर वापरल्या, आता सांगतो

आमचं घर चिपळूणला, म्हणजे पावसाळ्यात चपलांपासून कपाटाच्या पाठीपर्यंत सगळ्याला बुरशी. ब्लीचने आईला खोकला सुटायचा म्हणून मे महिन्यात पाण्यात विरघळवून बुरशी आणि कुबट वास घालवायच्या या गोळ्या मागवल्या. वास यांनाही आहेच, स्विमिंग पूलसारखा, पण दार-खिडकी उघडी ठेवली की लगेच जातो.

गोळीत सोडियम क्लोराइट आणि सायट्रिक ॲसिड दोन्ही कोरडी एकत्र दाबलेली असतात, पाणी लागलं की त्यांचं जुंपतं आणि क्लोरीन डायऑक्साइड तयार होतो, पाणी फिकट पिवळट दिसायला लागतं. हा वायू पाण्यात नुसता विरघळलेला असतो आणि ते मला नंतर कळलं, कारण पहिल्याच आठवड्यात लवकर विरघळेल म्हणून गीझरच्या कढत पाण्यात गोळी टाकली आणि डोळे असे चुरचुरले की बादली तिथेच टाकून बाहेर पळालो. गरम पाण्यातून तो भसकन बाहेर येतो. गार पाणीच घ्या. उरलेलं पाणी पारदर्शक स्प्रे बाटलीत भरून खिडकीत ठेवलं तर दुसऱ्या दिवशी पिवळेपणा गायब, उजेडात तो टिकत नाही. लागेल तेवढंच बनवायचं.

मोरीच्या जाळीचा कुबट वास आणि फ्रिजच्या रबरातली काळी बुरशी, या दोन्हीसाठी पैकीच्या पैकी मार्क. पण तेलकट ओट्यावर काही उपयोग नाही, कारण हा साबण नाही, आधी घासून घ्या मग हे मारा. नळावरचे पांढरे क्षारही जैसे थे. आणि हो, एक निळं पायपुसणं पांढरट झालं, त्यावर घरात बरंच ऐकून घेतलं.

ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये हे चुकूनही मिसळू नका. आमच्या फॅमिली ग्रुपवर हेच पाणी औषध म्हणून प्या असा फॉरवर्ड आला होता, अमेरिकेच्या एफडीएने 2019 मध्ये असल्या पेयांबद्दल लोकांना सावध केलंय तरी अजून फिरतंय, काकांना फोन करून डिलीट करायला लावला.

खरी तक्रार पॅकिंगची. मी स्वस्त पडतो म्हणून 50 गोळ्यांचा डबा घेतला आणि जुलैत बाथरूमच्या फळीवर ठेवला, झाकण चार वेळा उघडलं असेल, तेवढ्या दमट हवेत गोळ्या आतल्या आत पिवळ्या पडून फुगल्या, उघडल्यावर वासाचा भपकारा. जवळपास अर्ध्या वाया गेल्या. पाणी लागल्यावर काम सुरू करणारी वस्तू कोकणात साध्या डब्यात विकायची म्हणजे कमालच! आता एकेक गोळी वेगळी फॉइलमध्ये बंद असलेली पट्टी आणलीय, महाग पडते, पण ऑक्टोबरपासून एकही खराब नाही.