जुना फायबरग्लास फ्लाय रॉड घ्यायचाय? वंडररॉड, फेन्विक की फिलिपसन

फ्लाय रॉड म्हणजे जड लाइनच्या जोरावर हलकी कृत्रिम माशी, म्हणजे फ्लाय, फेकून मासे पकडायची काठी. जुन्या फायबरग्लास फ्लाय रॉडच्या शोधात निघालं की नावांचीच गर्दी होते. शेक्सपिअर, फेन्विक, फिलिपसन, हेडन, साउथ बेंड, ईगल क्लॉ, सिलाफ्लेक्स, हॉरॉक्स-इबॉटसन. जवळजवळ सगळी अमेरिकन घराणी, आणि प्रत्येकाने चांगले रॉडही केले आणि निव्वळ खपाऊ मालही काढला. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो: नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी दोन तुकड्यांमधला सांधा बघा, मग लांबी आणि लाइनचा (फेकायच्या दोरीच्या वजनाचा) नंबर, मग नळीची, म्हणजे रॉडच्या पोकळ काठीची, घडण. या क्रमाने बघितलं तर स्वस्तातला अनोळखी रॉडही हाताला लागतो आणि नावाजलेल्या रॉडमध्ये फसगतही होत नाही.

या रॉडचा काळ तसा छोटा. दुसऱ्या महायुद्धात चांगला बांबू मिळेनासा झाला होता. ओहायोतल्या टोलिडो शहरात, प्लास्कॉन कंपनीत रेझिनवर काम करणाऱ्या आर्थर हॉवल्ड यांच्या बांबूच्या रॉडचा शेंडा मोडला, आणि त्यांनी काचतंतू रेझिनमध्ये बसवून नवा शेंडा तयार केला. मिशिगनमधल्या कॅलमझूच्या शेक्सपिअर कंपनीने ती पद्धत उचलली आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस ‘वंडररॉड’ बाजारात आला. 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, रॉडसाठी लागणाऱ्या चिनी टोंकिन बांबूची आवक थांबली आणि फायबरग्लासला मैदान मोकळं मिळालं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रॅफाइट (कार्बन तंतू) आलं. म्हणजे जेमतेम पाव शतक. पण त्या पाव शतकाच्या सुरुवातीचा आणि शेवटाचा रॉड शेजारी ठेवला तर दोन्ही एकाच वस्तूचे आहेत यावर विश्वास बसत नाही, इतका फरक आहे.

वंडररॉड आणि फेन्विक

खरी तुलना या दोघांची, कारण जुन्या बाजारात हेच दोन सगळ्यात जास्त दिसतात.

वंडररॉड ओळखायला सोपा. रंग पांढरा, आणि वरचं व्हार्निश जुनं होऊन पिवळटलं असेल तर हस्तिदंती. उजेडासमोर धरून हळूहळू फिरवा. आत सर्पिलाकार गेलेली रेघ दिसते आणि तिच्यावरून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळ धावणारे बारीक तंतू दिसतात. हीच हॉवल्ड पद्धत: आत गुंडाळलेला गाभा आणि त्यावर लांबीच्या दिशेने बसवलेले तंतू. मुठीच्या वर ‘हॉवल्ड’ हे नावही बरेचदा छापलेलं असतं. आजही ही घडण बघताना मला मनापासून कौतुक वाटतं. कापड गुंडाळून नळी करण्यापेक्षा हे काम वेगळं आणि अवघड होतं, आणि तंतू लांबीच्या दिशेने असल्यामुळे हे रॉड कमालीचे चिवट निघाले.

फेन्विकची नळी दुसऱ्या जातीची. रेझिन भरलेलं काचेचं कापड ठरावीक आकारात कापायचं, निमुळत्या पोलादी सळईवर घट्ट गुंडाळायचं, वरून सेलोफेनची पट्टी ओढून बांधायची, भट्टीत भाजायचं, सळई काढून घ्यायची आणि पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा. नंतरच्या बहुतेक सगळ्यांनी हाच मार्ग धरला. फेन्विकचा रंग तपकिरी, मधासारखा. लेबलवर ‘फेरालाइट’ हा शब्द असेल तर लक्ष द्या, कारण फेन्विकचं खरं मोठेपण तिथे आहे.

फेरूल म्हणजे रॉडचे दोन तुकडे जोडणारा सांधा. बहुतेक वंडररॉडमध्ये तो धातूचा आहे. रॉड वाकतो तेव्हा धातू वाकत नाही, त्यामुळे मधोमध एक ताठ टप्पा राहतो आणि रॉडच्या मध्यावर वजनही पडतं. फेन्विकच्या जिम ग्रीन यांनी काचेवर काच बसणारा फेरालाइट सांधा आणला. शेंड्याचं खालचं तोंड बुंध्याच्या टोकावर सरकून बसतं. वाक एकसंध उतरतो, हातात हलकेपणा जाणवतो, आणि सांधा गंजायचा किंवा निखळायचा प्रश्नच उरत नाही. फ्लाय रॉडच्या इतिहासात या एका सुधारणेला मी काचेच्या धाग्याखालोखाल मान देतो.

पाण्यावर रोज वापरायला रॉड हवा असेल तर या जोडीत मी बिनदिक्कत फेन्विक सांगेन. मॉडेलचा नंबरही सरळ वाचता येतो: एफएफ 806 म्हणजे 8 फूट आणि 6 नंबरची लाइन, एफएफ 756 म्हणजे साडेसात फूट आणि 6 नंबर. पहिलाच जुना रॉड घेणाऱ्याने या दोन मॉडेलांपैकी एक शोधावं. वंडररॉड घ्यावा तो सुरुवातीची घडण जवळ असावी म्हणून, किंवा कमी पैशांत काचेची चाल कशी असते ते अनुभवायला. मात्र साडेआठ-नऊ फुटांचे वंडररॉड हाताला जड लागतात. लांबी आठ फुटांपर्यंत राहिली तरच काच आनंद देते, हे कुठल्याही घराण्याला लागू आहे.

फिलिपसन, आणि सिस्टिम रॉड

कोलोरॅडोतल्या डेन्व्हरचे बिल फिलिपसन बांबूच्या रॉडवर घडलेले कारागीर. आधी ग्रेंजर कंपनीत, मग स्वतःच्या. काचेकडे वळल्यावरही त्यांची नजर बांबूवाल्याचीच राहिली, आणि ती त्यांच्या रॉडमध्ये दिसते. कडीखालचे (लाइन ओवायच्या रिंगा बांधणारे) दोरे एकसारखे बसलेले, कॉर्कच्या चकत्यांत भोकं कमी, मूठ हाताला लगेच रुळणारी. बहुतेक उत्पादक फिनॉलिक रेझिन वापरत असताना फिलिपसनचे ‘एपोनाइट’ रॉड इपॉक्सीत केले होते. ‘रॉयल वाँड’ हे नाव दिसलं तर रॉड हातात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. फेन्विकपेक्षा हे कमी दिसतात, जाणकार लगेच उचलतात, आणि जुन्या मॉडेलांत सांधा धातूचा असतो. तरीही वाक इतका सुरेख उतरतो की माझा सांध्याचा नियम इथे मी आनंदाने सैल करतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला थ्री-एम कंपनीने हा कारखाना विकत घेतला.

त्याच थ्री-एमच्या छत्राखाली मिशिगनची सायंटिफिक अँगलर्स ही कंपनी होती. लाइन बनवणाऱ्यांनी रॉड काढावा तसाच त्यांचा विचार: आधी लाइनचं वजन ठरवा, मग रॉड त्याला जुळवा. म्हणून ‘सिस्टिम 6’ म्हणजे 6 नंबरची लाइन, ‘सिस्टिम 8’ म्हणजे 8 नंबरची. याच मालिकेतली रीळं इंग्लंडच्या हार्डीने बनवलेली आहेत आणि तीही शोधण्यासारखी आहेत. ज्याला नंबरांचा घोळ अजिबात नको, त्याच्यासाठी सिस्टिम रॉड फेन्विकइतकाच चांगला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ईगल क्लॉचा पिवळा फेदरलाइट स्वस्त, मऊ आणि छोट्या ओढ्यांवर मजेदार. त्या नावाने तो पुढेही निघत राहिला आहे, त्यामुळे जुनेपणासाठी जास्त पैसे मोजू नका. हॉरॉक्स-इबॉटसन आणि साउथ बेंड यांचा माल फार असमान, प्रत्येक नग वेगळा तपासावा लागतो. पासादेनाच्या रस पीक यांचे हाताने घडवलेले रॉड आणि विन्स्टनचे काचेचे रॉड ही संग्राहकांची दुनिया. तिथे किंमतही तशीच. आणि एक लक्षात ठेवा, कित्येक नाममुद्रांनी नळी स्वतः बनवलीच नाही. कॅलिफोर्नियाच्या फिशरसारख्या कारखान्यांनी ती अनेकांना पुरवली. त्यामुळे अनोळखी लेबलाखाली उत्तम नळी निघणं हा काही चमत्कार नाही.

साल कसं ओळखायचं

मुठीच्या वरची शाई वाचा. HDH, HCH, GBF अशी अक्षरं असतील तर ती रेशमी लाइनच्या जमान्याची खूण आहे. अक्षर म्हणजे लाइनची जाडी: A सगळ्यात जाड आणि पुढे प्रत्येक अक्षराला बारीक. HDH म्हणजे दोन्ही टोकं बारीक आणि पोट D जाडीचं. नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या लाइन आल्यावर जाडीवरून वजन कळेना, म्हणून 1961 च्या सुमारास पहिल्या 30 फुटांच्या वजनावर आधारलेले नंबर आले. 5 नंबर 140 ग्रेन (वजनाचं छोटं एकक), 6 नंबर 160, 7 नंबर 185. ढोबळमानाने HDH म्हणजे आजची 6 नंबर आणि HCH म्हणजे 7. अक्षर आणि नंबर दोन्ही छापलेले असतील तर रॉड बहुधा त्या बदलाच्या वर्षांतला.

लेबलवर किंवा रॉड ठेवायच्या नळकांड्यावर कंपनीचा पत्ता असेल तर त्यात पाच आकडी झिप कोड आहे का ते बघा. अमेरिकेत झिप कोड 1963 मध्ये सुरू झाला. तो असेल तर रॉड त्यानंतरचा, एवढं नक्की. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जुनी लेबलं संपेपर्यंत वापरली जात.

हातात घेतल्यावर

सगळ्यात आधी दोन्ही तुकडे उभे करून शेजारी धरा. बहुतेक दोन तुकड्यांच्या रॉडमध्ये ते सारख्या लांबीचे असतात. शेंडा दोन-तीन इंचांनी आखूड असेल तर तो कधीतरी मोडलाय आणि टोकाची कडी खाली सरकवून बसवली आहे. छापील लांबीशी मापून खात्री करा. टोकाची कडी नळीच्या मानाने मोठी दिसणं, तिच्याखालचा दोरा बाकीच्या दोऱ्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असणं, हीही तीच गोष्ट सांगतात. तीन इंच गेले की शेंडा ताठ होतो आणि रॉडची चाल बदलते. असा रॉड कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

मग बोटाच्या नखाने नळी हळूच चाचपत जा. व्हार्निशवरचे बारीक तडे चालतात, ते वरवरचे असतात. पण नळीच्या आत ढगासारखा पांढरा डाग दिसला, विशेषतः सांध्याजवळ किंवा मुठीच्या वर, तर तिथे तंतू आणि रेझिन सुटले आहेत. रॉड तिथूनच मोडणार. पांढऱ्या वंडररॉडवर हा डाग पटकन दिसत नाही, म्हणून तो उन्हात तिरका धरून बघावा.

सांधा जोडा आणि हलवा. धातूचा असेल तर काढताना ‘टप्’ असा स्वच्छ आवाज यायला हवा. टकटक वाजत असेल तर ढिला झालाय, आणि दुरुस्ती रॉडच्या किमतीवर जाऊ शकते. काचेचा सांधा दोन प्रकारचा असतो. फेरालाइटसारख्यात शेंडा वरून बसतो. दुसऱ्या प्रकारात बुंध्यातून एक खुंटी वर आलेली असते. तिथे जोडल्यावर दोन नळ्यांमध्ये पाव ते अर्धा इंच फट राहायलाच हवी. नवखे ती फट बघून रॉड नाकारतात. खरं तर फट पूर्ण मिटलेली असेल तेव्हा काळजी करावी, कारण खुंटी झिजली आहे.

कॉर्क काळा पडलाय म्हणून रॉड सोडू नका. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ फडकं एवढ्याने बहुतेक मूठ उजळते. लेबलाच्या अक्षरांवरून मात्र ओलं फडकं फिरवू नका, आणि नळीला पॉलिश पेपर तर कधीच नको.

पाण्यावर

ग्रॅफाइटची सवय असलेल्या हाताला काच आधी मंद वाटते. रॉड मुठीपर्यंत वाकतो, म्हणून मागची फेक पूर्ण उलगडेपर्यंत थांबावं लागतं. घाई केली की लाइन कोसळते. 20 ते 40 फुटांच्या फेकीत मात्र काचेसारखं सुख नाही: फ्लाय हलकेच उतरते, आणि मासा ओढायला लागला की शेंडा झटका पिऊन टाकतो, त्यामुळे बारीक दोरा तुटत नाही. मोठ्या नदीवर वाऱ्यात 60-70 फूट फेकायचं असेल तर यातला कुठलाच रॉड घेऊ नका, ग्रॅफाइटच घ्या.

लाइन निवडताना छापील नंबर म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. शक्य असेल तर एक नंबर खालची आणि एक नंबर वरची लाइन लावून बघा. जवळच्या फेकीत नळी वाकल्याची जाणीवच होत नसेल तर वरची लावा. लाइन हवेत धरताना रॉड लुळा पडत असेल तर खालची. दोन्ही टोकांना निमुळती होणारी डबल टेपर लाइन या रॉडना विशेष मानवते. काचेचा सांधा असेल तर खुंटीवर अधूनमधून साध्या मेणबत्तीचं मेण चोळावं. धातूच्या सांध्याला तेल किंवा ग्रीस नको. कापसाला थोडं स्पिरिट लावून आतून-बाहेरून पुसलं आणि कोरडं केलं की पुरे.