नमुना 7 भरत राहायचं की पाणी वापर संस्था काढायची?

पेंच धरणाच्या नहराखाली तुमचं शेत असेल आणि गावात पाणी वापर संस्थेची, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून नहराचं पाणी घेऊन आपसांत वाटायच्या संस्थेची बोलणी सुरू झाली असतील, तर आधी एवढंच पाहा, शेत मायनरच्या, म्हणजे गावाकडे येणाऱ्या छोट्या नहराच्या तोंडाशी आहे की शेवटाला.

तोंडाशी असलेल्याला नमुना 7, म्हणजे पाटबंधारे खात्याकडे एकेकट्याने करायचा पाण्याचा अर्ज, सोयीचा वाटतो. थकबाकी नसली की अर्ज मंजूर, आकारणी पीक आणि क्षेत्रावर, पाणी किती घेतलं ते कोणी मोजत नाही. आमचं शेत शेवटाला. गहू ओंबीवर होता, रात्री बॅटरी घेऊन नहरावर गेलो तर वरची तिन्ही आउटलेटं सताड उघडी आणि आमच्या पाटात नुसता ओला गाळ. मंजुरीचा कागद खिशात होता, पण आपल्या वाट्याचं पाणी किती, हे त्यावर कुठेच नव्हतं. भांडणार कशावर?

संस्थेचा खरा फायदा इथेच आहे. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा 2005 चा कायदा संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी देतो. पीक कोणतं घ्यायचं ते तुम्ही ठरवता आणि संचालक मंडळात तोंड, मधला भाग, शेवट अशा तिघांनाही जागा असते. नागपूरचं पिण्याचं पाणी आणि कोराडीचं वीज केंद्रही याच धरणावर आहे. राज्याने 2011 मध्ये पाणीवाटपात शेतीला उद्योगाच्या वर आणलं खरं, पण धरण कमी भरलं की कपात दोघांनाही, अर्जवाल्याला आणि संस्थेलाही. फरक इतकाच की संस्थेकडे बोट ठेवायला आकडा असतो.

जाच मात्र कमी नाही. पाणीपट्टी मागायला भाऊबंदांच्याच दारात जावं लागतं, शेजपाळी, म्हणजे पाणी घेण्याची ठरलेली पाळी, मोडणाऱ्याला रात्री अडवावं लागतं. शिवाय क्षेत्र अधिसूचित झालं की एकट्यादुकट्याला वेगळं पाणी मिळत नाही, परतीची वाट नाही.

तरीही शेवटाच्या शेतकऱ्याने संस्थेच्याच बाजूने उभं राहावं, असं माझं ठाम मत आहे. फक्त खात्याकडून मायनर संस्थेच्या ताब्यात घेण्याच्या, म्हणजे हस्तांतरणाच्या सहीची घाई नको. पाणी मायनरच्या तोंडाशी मोजलं जातं. पुढे फुटक्या अस्तरीकरणातून जे झिरपेल ते तुमच्याच खात्यात धरलं जाईल. मोजपट्टी बसलेली आहे का ते पाहा. खातं आणि संस्था यांच्या संयुक्त पाहणीच्या दिवशी तोंडापासून शेवटच्या आउटलेटपर्यंत पायी चला. प्रत्येक भेग आणि पाटात वाढलेलं बेशरमाचं प्रत्येक झुडूप अहवालात लिहून घ्या, दुरुस्ती होऊ द्या, मगच सही करा.