क्योतोचा सबवे-बस पास: एकट्यानं लाल मेपल बघायला जाताना घ्यावा का?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात क्योतोतले मेपल लाल होतात आणि शहरातल्या बस खच्चून भरतात. चौघं असतील तर टॅक्सीचं भाडं वाटून घेता येतं, एकट्याला ते जड जातं. म्हणून हा एकदिवसीय पास खरा एकट्या प्रवाशाच्या कामाचा. मात्र तो बसचा पास समजून घेतला तर पैसे वाया जातात. हा सबवेचा पास आहे, बस त्याच्या जोडीला आहे, असं धरून दिवस आखला तर तो पुरेपूर वसूल होतो.

किंमत मोठ्यांना १,१०० येन. फक्त बसचा ७०० येनचा स्वस्त पास सप्टेंबर २०२३ अखेर विक्रीतून काढला, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतले हिशेब आता चालत नाहीत. शहरात बसचं तिकीट सरसकट २३० येन आहे. चार फेऱ्यांचे ९२० होतात, म्हणजे नुसत्या बसनं फिरणाऱ्याचा पास पाचव्या फेरीला सुटतो. आणि नोव्हेंबरातल्या रविवारी गर्दीच्या रस्त्यांवर पाच बस पकडणं म्हणजे अर्धा दिवस रांगेत.

पास वसूल होतो तो डोंगरातल्या ओहारा गावी जायच्या दिवशी. क्योतो स्टेशनवरून सबवेच्या करासुमा लाइननं शेवटचं स्टेशन कोकुसाईकाईकान गाठायचं, साधारण २० मिनिटं, एरवी २९० येन. तिथून १९ नंबरची बस ओहाराला नेते. ही बस हिरव्या सिटी बसपैकी नव्हे, ‘क्योतो बस’ या वेगळ्या कंपनीची. पास तिच्यावरही चालतो. जाऊन-येऊन एवढ्यातच १,१०० च्या वर हिशेब जातो. क्योतो स्टेशनवरून थेट ओहाराला जाणारी १७ नंबरची बसही आहे आणि बरेच जण सोय म्हणून तीच धरतात. ती भर शहरातून जाते, कावारामाचीच्या गर्दीत अडकते, आणि तासाभराचा प्रवास आणखी लांबतो. सबवेनं शहर खालून ओलांडा.

ओहारा डोंगरात असल्यामुळे तिथं रंग शहराच्या आधी चढतो. सानझेन-इन मंदिरात शेवाळाच्या हिरव्या गालिच्यावर पडलेली लाल पानं सकाळी लवकर बघावीत. वाटेवरच्या दुकानांत शिबाझुके मिळतं. वांगी, मीठ आणि शिसो या सुगंधी वनस्पतीची लाल पानं एवढ्यावरच आंबवलेलं हे पारंपरिक लोणचं शाकाहाऱ्यांनी जरूर चाखावं. हल्लीच्या काही पाकिटांत माशाचा अर्क असतो, तेव्हा विचारून घ्या.

दुपारी परतताना करासुमा ओइके स्टेशनला गाडी बदलून सबवेच्या दुसऱ्या, तोझाई लाइननं केआगेला उतरा. स्टेशनजवळच विटांचा छोटा बोगदा आहे, १८८८ चा. आत शिरून वर पाहिलं की विटा पीळ दिल्यासारख्या तिरक्या फिरत गेलेल्या दिसतात. वरून बोटी वाहून नेणारा लोहमार्ग तिरका जात होता, त्याचा भार पेलायला तशी रचना केली. त्या बोगद्यातून नानझेनजी मंदिर चालत दहा मिनिटांवर, पुढं एइकानदो मंदिर आणखी दहा. दोन्हीकडे बसची गरजच नाही.

पास कुठं चालत नाही, तेही नीट बघा. जेआर, हानक्यू, केइहान रेल्वे आणि अराशियामाची रान्देन ट्राम यांत तो नाही. तोफुकुजी मंदिराचं स्टेशन जेआर नारा लाइनवर क्योतोपासून पहिलंच, १५० येन. अराशियामासाठी जेआरचंच सागा-अराशियामा स्टेशन, २४० येन. ही दोन ठिकाणं करायच्या दिवशी पास घेऊच नका, इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवास-कार्ड वापरा. पास वसूल करायचा म्हणून अराशियामाला बसनं जाणं ही हमखास होणारी चूक: रेल्वेनं पाव तास लागतो, बसनं पाऊण तास आणि वर ट्रॅफिक.

वापरायची रीत सोपी आहे. सबवे स्टेशनच्या यंत्रातून पास घ्या. बसमध्ये मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं उतरायचं. पहिल्यांदा वापरताना पास ड्रायव्हरजवळच्या यंत्रात घातला की मागे तारीख छापली जाते. नंतर तीच बाजू ड्रायव्हरला दाखवायची. पास २४ तासांचा नाही, त्या तारखेपुरता आहे. दुपारी दोनला सुरू करण्यात अर्थ नाही. मोठी बॅग घेऊन बसमध्ये चढू नका. स्टेशनचे लॉकर या दिवसांत सकाळीच भरतात, म्हणून सामान आधी हॉटेलवर टाका. हॉटेलही करासुमा ओइकेच्या आसपास घेतलंत तर दोन्ही लाइन हाताशी राहतात.

शनिवार-रविवारी क्योतो स्टेशनवरून कियोमिझु मंदिराच्या बाजूला जाणारी पर्यटक एक्स्प्रेस बस एरवी ५०० येनची, पासवर फुकट. ती मात्र नक्की घ्या.

दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तर क्योतो शहरातले मेपल हिरवेच असतात. तेव्हा लाल पानांसाठी टोकियोच्या उत्तरेचं डोंगरी निक्को गाठावं आणि हा पास विसरावा. नोव्हेंबरअखेर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: पाचच्या आधीच सूर्य मावळतो आणि बरीच मंदिरं साडेचार-पाचपर्यंत बंद होतात. एइकानदो संध्याकाळी साडेपाचला दिव्यांच्या रोषणाईसाठी पुन्हा उघडतं, तिकीट वेगळं. तिथून निघताना बसथांब्यावरची रांग सोडून सरळ केआगेपर्यंत चालत जा, पंधरा मिनिटं लागतात.