एआयजी विमेन्स ओपन २०२४, सेंट अँड्र्यूज: मैदानावर जाऊन बघण्याचा अनुभव

सरळच सांगते, ब्रिटनमध्ये राहत असाल किंवा उन्हाळ्यात मुलांकडे यायचं ठरत असेल तर विमेन्स ओपनचं तिकीट काढा आणि एक दिवस तरी जाऊन बघा. गोल्फ खेळता येत नसेल तरी चालेल, नियम अर्धेमुर्धे माहीत असतील तरी चालेल. जगातल्या पहिल्या नंबरची खेळाडू इतक्या जवळून बघायला मिळेल असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही. आम्ही शेवटच्या दिवशी, म्हणजे २५ ऑगस्टच्या रविवारी गेलो होतो, मी, माझी मुलगी आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. तिघींची वयं वेगळी, आवडी वेगळ्या, पण दिवस तिघींचाही मस्त गेला. रिव्ह्यू लिहायचं खरं कारण तेच.

आधी थोडं या स्पर्धेबद्दल, कारण आपल्याकडे मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, म्हटलं की पुरुषांच्याच चार डोळ्यासमोर येतात. बायकांच्या प्रोफेशनल गोल्फमध्ये पाच मेजर आहेत, शेवरॉन, यूएस विमेन्स ओपन, विमेन्स पीजीए, फ्रान्सची एव्हियाँ आणि ही ब्रिटनची विमेन्स ओपन. ही १९७६ मध्ये सुरू झाली, एलपीजीएने, म्हणजे बायकांच्या प्रोफेशनल गोल्फच्या अमेरिकन संघटनेने, तिला मेजरचा दर्जा दिला २००१ मध्ये. दरवर्षी मैदान बदलतं. २०२४ ला पाळी होती सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सची, जिथे गोल्फ कित्येक शतकं खेळलं जातंय. बायकांची ही स्पर्धा तिथे त्याआधी दोनदाच झाली होती, २००७ मध्ये लोरेना ओचोआ जिंकली आणि २०१३ मध्ये स्टेसी लुईस.

आणि ही २००७ ची गोष्ट नुसती आकडा म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पहिल्या टीच्या, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या जागेच्या, मागे जो दगडी क्लबहाउस दिसतो ना, प्रत्येक फोटोत असतो तो, तो रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबचा. हा क्लब १७५४ चा, आणि बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव मतदानाने पास झाला सप्टेंबर २०१४ मध्ये! म्हणजे ओचोआ जिंकली तेव्हा त्या आठवड्यापुरतं क्लबहाउस खेळाडूंसाठी उघडलं होतं, पण त्यांच्यातल्या कोणाला तिथलं सभासद होता आलं नसतं. मी हे मुलीला पहिल्या टीजवळ उभं राहून सांगितलं तर तिला खरंच वाटेना, ती म्हणाली आई २०१४ म्हणजे माझ्या जन्माच्या जेमतेम आधी. हो, जेमतेम आधीच. त्यामुळे त्याच दारासमोर बायकांची नावं एकेक करून माइकवरून पुकारली जातात आणि लोक टाळ्या वाजवतात हे बघताना मला भरून आलं, आणि त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही.

जायचं कसं ते सांगते. सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. एडिनबरावरून ट्रेनने ल्यूकर्सला उतरायचं, साधारण तासाभराचा प्रवास, वाटेत तो लाल फोर्थ ब्रिज लागतो, मग तिथून बस. गाडीने आलात तरी शहर लहान आहे, रस्ते अरुंद आहेत, त्या आठवड्यात पार्किंगच्या नादी लागूच नका. लहान मुलांना मोठ्यांबरोबर फुकट प्रवेश होता, त्यामुळे घरातली पोरं सगळी घेऊन आलेली कुटुंबं भरपूर दिसली, आणि त्यात मुली जास्त. पुरुषांच्या ओपनला तिकीट मिळायचीच मारामार असते, इथे निवांत मिळतं आणि खिशालाही झेपतं.

हवामान मात्र गृहीत धरू नका. ऑगस्ट असला तरी समुद्राकाठचं स्कॉटलंड आहे ते. गुरुवारी पहिल्या दिवशी वारा एवढा होता की चेंडू हवेत गेल्यावर कुठे उतरेल याचा नेम नव्हता, त्या वाऱ्यात इंग्लंडच्या चार्ली हलने अठरा होल ६७ फटक्यांत संपवून लीड घेतली होती (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं). आम्ही गेलो त्या रविवारीही गार वारा आणि मधूनच पावसाची सर. छत्री उलटी होते, तिचा उपयोग नाही, टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेटच लागतं. सासूबाईंना मी माझी लोकरी टोपी आणि वर कानाला स्कार्फ असं सगळं गुंडाळलं होतं आणि शेजारच्या सीटवरच्या एका स्कॉटिश आजींनी त्यांना आपली ब्लँकेट अर्धी दिली, दोघींना एकमेकींचं इंग्लिश फारसं कळत नव्हतं तरी चांगला तासभर गप्पा चालल्या होत्या.

आता मुख्य मुद्दा, दिसतं काय आणि किती. ओल्ड कोर्सबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. हे मैदान जायचं आणि परत यायचं असं आहे, पहिले नऊ होल शहरापासून लांब जातात, पुढचे नऊ त्याच पट्ट्यातून परत येतात. बरेच ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे एकाच मोठ्या हिरवळीवर दोन होलचे झेंडे, दुसऱ्याचा आणि सोळाव्याचा एकत्र, तिसऱ्याचा आणि पंधराव्याचा एकत्र, असं चालू राहतं. त्यामुळे प्रेक्षकांना मधे घुसता येत नाही, दोरीच्या बाहेरून कडेकडेने चालावं लागतं आणि पलीकडच्या बाजूचा खेळ लांब राहतो. दुर्बीण असेल तर नक्की न्या. बाकीच्या कुठल्याही मैदानावर एका ग्रुपबरोबर अठरा होल फिरण्यात मजा असते, इथे मात्र माझा सल्ला असा की सकाळी थोडं फिरा आणि दुपारी एक जागा धरून बसा. सातवा आणि अकरावा होल एकमेकांना छेदतात तिथे भारी मजा येते, दोन्हीकडच्या खेळाडू एकमेकींसाठी थांबतात. आणि दुपारनंतर सतरावा किंवा अठरावा. वयस्कर माणूस बरोबर असेल तर सरळ अठराव्याच्या स्टँडमध्ये लवकर जाऊन बसा, तिथून पहिला टी, अठरावा ग्रीन, अठराव्या होलवरचा तो छोटा दगडी स्विल्कन ब्रिज सगळं एका नजरेत येतं.

सकाळी सहाव्या होलच्या आसपास आम्ही दोरीला टेकून उभ्या होतो आणि एका खेळाडूचा चेंडू आमच्यापासून पाच-सात पावलांवर आला. ती आली, कॅडीने, म्हणजे बॅग उचलणाऱ्या तिच्या मदतनीसाने, बॅग खाली ठेवली, टॉवेलने ग्रिप पुसली, छोट्या वहीत बोट ठेवून अंतर दाखवलं. तिने थोडं गवत तोडून वर उडवलं, ते आमच्या अंगावर आलं. मग दोघांचं हळू आवाजात वाऱ्यावरून बोलणं झालं, तिला एक क्लब (म्हणजे काठी) हवा होता, त्याला दुसरा, शेवटी तिचाच ठरला. आणि मग तो आवाज. टीव्हीवर तो आवाज कधीच येत नाही, आधी चेंडूचा कडक ठोका आणि लगेच मातीचा. चेंडू झेंड्याच्या बराच डावीकडे पडला आणि जमिनीच्या उताराने वळत वळत झेंड्याजवळ येऊन थांबला. माझी मुलगी माझा हात घट्ट धरून होती. लिंक्स गोल्फ, म्हणजे समुद्राकाठच्या अशा उंचसखल जमिनीवरचं गोल्फ, म्हणजे काय हे मी तिला घरी कितीही समजावलं असतं तरी कळलं नसतं, इथे एका शॉटमध्ये कळलं.

अजून एक. हौशी खेळाडूंनी तर बायकांचंच गोल्फ बघावं असं माझं ठाम मत आहे. पुरुष प्रो खेळाडू तीनशे यार्डांच्या आसपास आणि त्यापुढेही मारतात, ते बघून तोंडात बोटं जातात पण आपल्या खेळासाठी त्यातून घेण्यासारखं कमीच. या मुली लय बघून खेळतात, घाई नाही, ताकदीची झटापट नाही, आणि ग्रीनच्या आजूबाजूला यांचं जे डोकं चालतं ते बघत राहावं. चेंडू उचलून टाकायचा की जमिनीवरून पटरने ढकलायचा याचा निर्णय ओल्ड कोर्सवर दर दहा मिनिटांनी घ्यावा लागतो आणि तो तुम्हाला समोर दिसतो.

आता त्या दिवशीचा खेळ. अमेरिकेची नेली कोर्डा त्या वर्षी तुफान फॉर्ममध्ये होती, सलग पाच स्पर्धा जिंकलेली, त्यात शेवरॉन मेजर पण. इथेही पहिल्या दोन दिवसांनंतर ६८-६८ मारून पुढे होती, शनिवारी ७५ झाले आणि सगळं खुलं झालं. रविवारी सकाळी कोरियाची जीआय शिन उणे सातवर, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पार) सात कमी, कोर्डा आणि गेल्या वेळची विजेती लिलिया वू उणे सहावर, आणि न्यूझीलंडची लिडिया को उणे चारवर. मग चौदाव्या होलवर, जो पार पाच आहे म्हणजे जिथे बर्डीची (पारपेक्षा एक फटका कमी) अपेक्षा असते, तिथे कोर्डाला डबल बोगी, म्हणजे दोन फटके जास्त. स्टँडमधल्या मोठ्या स्क्रीनवर ते दिसलं तेव्हा सगळीकडून एकच उसासा निघाला. सतरावा, तो प्रसिद्ध रोड होल, तिथेही तिचा एक शॉट गेला. ग्रीनच्या मागे खरोखर डांबरी रस्ता आहे आणि त्यापलीकडे दगडी भिंत, पुढे तो वाळूचा खोल खड्डा, म्हणजे बंकर, आधीच वारा आणि त्यात शेवटच्या दिवसाचं टेन्शन.

आणि लिडिया को शांतपणे अठराव्यावर आली, झेंड्याजवळ चेंडू ठेवला आणि बर्डीचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, आत. ६९. एकूण उणे सात. मग तिला थांबायचं होतं, मागच्या सगळ्या येईपर्यंत. वूला बरोबरी करून प्लेऑफ (जादा होल) गाठण्यासाठी शेवटच्या होलवर बर्डी हवी होती, नाही झाली. शेवटी कोर्डा, वू, शिन आणि चीनची रुओनिंग यिन अशा चौघी उणे पाचवर आणि को दोन शॉटने विजेती. कोची ही तिसरी मेजर, आधीच्या दोन २०१५ आणि २०१६ मधल्या, म्हणजे मधे तब्बल आठ वर्षं. दोनच आठवड्यांपूर्वी तिने पॅरिसला ऑलिंपिक गोल्ड घेतलं होतं आणि त्यामुळे एलपीजीएच्या हॉल ऑफ फेममध्येही पोहोचली होती, सत्ताविसाव्या वर्षी. पट आत गेला तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतला एक मोठा माणूस रडत होता.

सासूबाई मात्र आधी थोड्या नाराज होत्या कोवर! कारण आठवतंय का, ७ ऑगस्ट २०२१, टोकियो, आपली अदिती अशोक. भल्या पहाटे उठून अर्धा देश गोल्फ बघत होता, कधीही गोल्फ न बघितलेली माणसं पटला नमस्कार करत होती. नेलीला गोल्ड, लिडियाला ब्राँझ आणि अदिती फक्त एका शॉटने चौथी. त्याच संध्याकाळी नीरजचं गोल्ड आलं आणि लोक अदितीला विसरले, सासूबाई विसरल्या नाहीत. त्या म्हणाल्या हीच ना ती, आपल्या पोरीचं मेडल घेतलेली. मग दिवसभर तिचा खेळ बघितल्यावर म्हणाल्या, नाही गं, हिने घेतलं ते बरोबरच घेतलं. याहून मोठी दाद मला सुचत नाही. आपल्याच दीक्षा डागरने २०२३ ला याच स्पर्धेत, वॉल्टन हीथला, एकविसावा नंबर मिळवला होता हेही लक्षात ठेवा, बहुतेक पेपरांत त्याची दोन ओळींची बातमी होती.

आवडलेली अजून एक खेळाडू म्हणजे लॉटी वोड, इंग्लंडची कॉलेजमधली मुलगी, तेव्हा हौशी होती, तरी पहिल्या दहात आली आणि सर्वोत्तम हौशी खेळाडूचं बक्षीस घेऊन गेली. हौशी असल्यामुळे पैसे शून्य.

पैशांचा विषय निघालाच आहे तर, एकूण बक्षीस ९५ लाख डॉलर होतं, विजेतीला १४ लाख २५ हजार. त्याच वर्षी पुरुषांच्या ओपनला एकूण १ कोटी ७० लाख, विजेत्याला ३१ लाख. २०१९ मध्ये बायकांचं एकूण बक्षीस ४५ लाख होतं, म्हणजे वाढलंय हे खरं, चांगलं वाढलंय, पण मैदान तेच, वारा तोच, होल तेवढेच, मग निम्म्याला समाधान मानायचं कारण मला पटत नाही. गर्दी वाढली की स्पॉन्सर वाढतात, म्हणूनसुद्धा जा म्हणते.

न आवडलेल्या गोष्टी. शाकाहारी खायला फार कमी होतं, एका स्टॉलवर घेतलेला चीजचा रोल मधे गारढोण होता आणि किंमत ऐकून सासूबाईंनी रुपयांत हिशोब करणंच सोडून दिलं. शक्य असेल तर खाऊन जा आणि काहीतरी बरोबर ठेवा. खेळ संपल्यावर सगळे एकदम निघतात, तेव्हा थोडं थांबून बक्षीस समारंभ बघून, गावात चहा पिऊन मग निघालेलं बरं. स्कोअरबोर्ड मैदानाच्या लांबच्या टोकाला कमी वाटले, तिथे फोनवरच बघावं लागलं.

स्वयंसेवकांना मात्र पैकीच्या पैकी. सगळे स्थानिक लोक, पावसात दिवसभर उभे, खेळाडू मारणार असली की हात वर करून शांत करायचे आणि मारून झालं की पोरांशी गप्पा. एकाने माझ्या मुलीला विचारून दोरीजवळ पुढे उभं केलं आणि पुढचा ग्रुप कोणाचा येतोय ते सांगितलं.

अजून एक दिवस हाताशी असेल तर राहा. ओल्ड कोर्स ही सार्वजनिक जमीन आहे, एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि लोक चक्क कुत्री घेऊन फिरायला येतात, स्विल्कन ब्रिजवर फोटो काढतात. येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या गोल्फ क्लबच्या भिंतीबाहेरून जाताना आत काय चालतं असा प्रश्न पडलेल्या आपल्यासारख्यांना हे बघायलाच पाहिजे. आणि मैदानाला लागूनच हिमालयाज नावाचं पटिंगचं उंचसखल मैदान आहे, ते १८६७ साली बायकांसाठी स्थापन झालेल्या पटिंग क्लबचं. क्लबहाउसचं दार बंद होतं त्या सगळ्या काळात बायका शेजारीच खेळत होत्या. थोडेसे पौंड दिले की एरवी कोणालाही खेळता येतं.

२०२६ ची विमेन्स ओपन लँकशायरमध्ये रॉयल लिदम अँड सेंट ॲन्सला आहे. मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅमकडच्या मंडळींना सोयीचं पडेल. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कापला तो खाण्याचा. मुलींना घेऊन जा, आणि आईवडील आलेले असतील तर त्यांनाही, नुसतं एडिनबराचा किल्ला दाखवून परत पाठवू नका.