वॉरंट ‘परस्पर रद्द’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

कोर्टाने काढलेलं अटकेचं वॉरंट रद्द करून देतो म्हणून एका दलालाने आमच्या मामांकडून १६,००० रुपये उकळले. बदल्यात हातात खोटा कागद ठेवला. त्या कागदाच्या भरवशावर राहिलेल्या मामांना ऐन द्राक्षबागांच्या छाटणीच्या दिवसांत पोलिसांनी घरातून नेलं. तालुक्याच्या गावी कोर्टाच्या आणि पोलीस ठाण्याच्या आसपास असली माणसं फिरत असतात, आणि ज्याने आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढलेली नाही असाच माणूस त्यांना सापडतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मामांचे इचलकरंजीत यंत्रमाग होते. मंदीत धंदा बसला, माग विकावे लागले, भाड्याची खोली सोडून ते सांगली जिल्ह्यातल्या आपल्या गावी परत आले आणि द्राक्षबागांमध्ये कामाला जाऊ लागले. पतसंस्थेच्या कर्जाचे काही हप्ते राहिले होते. कर्ज देतानाच सह्या केलेले कोरे चेक संस्थेकडे होते. त्यातला एक भरला गेला, बाउन्स झाला आणि कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस लागली. नोटीस, समन्स सगळं जुन्या खोलीच्या पत्त्यावर जात राहिलं. तारखेला कोणी हजर नाही म्हणून कोर्टाने आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट काढलं. मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. कळलं ते गावाकडच्या पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा. “तुमच्या नावाचं एनबीडब्ल्यू, म्हणजे अजामीनपात्र वॉरंट आलंय, इचलकरंजी कोर्टाचं. तिकडं हजर होऊन रद्द करून घ्या, नाहीतर आम्हाला न्यावं लागंल.”

हवालदारांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर होतं. पण घरात नुसती घबराट. मामी दोन घास जेवेनात. शेजारच्या एकाने सांगितलं, तालुक्याला एक जण आहे, कोर्टाची कामं करतो, जाऊन भेटा.

तो कोर्टाच्या गेटाबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात फायलींचा गठ्ठा. मामांनी नाव सांगितल्यावर त्याने मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि केसचा नंबर, संस्थेचं नाव, पुढची तारीख घडाघडा सांगितली. तिथेच मामांचा विश्वास बसला. याला एवढं माहीत आहे म्हणजे याची आत ओळख असणार! खरं तर ही माहिती कोणालाही मिळते. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर किंवा अ‍ॅपवर जिल्हा, तालुक्याचं कोर्ट, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की केस दिसते. सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा स्वतंत्र नंबर, असेल तर आणखी सोपं. केस कोणत्या टप्प्यावर आहे आणि पुढची तारीख कधी आहे, हेही तिथे असतं. तुमची केस तोंडपाठ सांगणाऱ्याची आत ओळख आहे, असं अजिबात नाही.

मग हिशेब सांगितला. “बारा हजार लागतील मामा. पाच तिकडच्या साहेबांच्या माणसाला, तीन पोलीस ठाण्याला, बाकी माझी धावपळ. तुम्ही इचलकरंजीला जायचंच नाही. गेलात तर तिथंच आत टाकतील.” रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला बुडणाऱ्या रोजापेक्षा या शेवटच्या वाक्याचीच जास्त भीती वाटली. बारा हजार रोख दिले. काही दिवसांनी शिक्क्यासाठी म्हणून आणखी ४,००० मागितले, ते फोनपेवर घेतले, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर.

तो कागद मी नंतर नीट पाहिला. वर ठळक अक्षरांत ‘मे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी साहेब यांचे कोर्टात’, खाली दोन ओळी, ‘आरोपीविरुद्धचे वॉरंट रद्द करण्यात येत आहे’. सही म्हणजे नुसती गिचमिड. गोल शिक्का जांभळ्या शाईचा, गावाचं नाव वाचताच येऊ नये इतका पसरलेला. केस नंबर नाही, फिर्यादीचं नाव नाही. कोर्टाच्या कोणत्याही कागदावर आधी केस नंबर असतो. चेकच्या केसला आपल्याकडे सहसा एस.सी.सी. असं लिहून पुढे नंबर आणि वर्ष असतं. तोच नसेल तर त्या कागदाला काडीची किंमत नाही.

मामांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला होता. पोलीस आले तेव्हा त्यांनी तो मोठ्या विश्वासाने पुढे केला. हवालदारांनी उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “मामा, वॉरंट रद्द झालं तर तसं पत्र कोर्टाकडून आमच्याकडं येतं. असलं काही आलेलं नाही. चला.” मला फोन आला तेव्हा मामी नुसत्या रडत होत्या.

कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. वॉरंट ज्या कोर्टाने काढलं, तेच कोर्ट ते रद्द करू शकतं. तोपर्यंत, किंवा त्याची बजावणी होईपर्यंत, ते जिवंतच राहतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ७० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ७२ मध्ये आहे. पोलीस ठाणं ते रद्द करू शकत नाही. दुसऱ्या जिल्ह्यात अटक झाली तर तिथलं कोर्ट जामीन घेऊन ‘अमुक तारखेला मूळ कोर्टात हजर राहा’ एवढं सांगू शकतं, पण वॉरंट मुळातून रद्द करायला मूळ कोर्टातच जावं लागतं. आणि अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. पोलीस घरी आले तर वॉरंट दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. त्यावरचा कोर्टाचा शिक्का, सही आणि केस नंबर पाहून घ्या, शक्य असेल तर उतरवून घ्या.

इचलकरंजीत आम्ही सनदी, म्हणजे वकिलीचा परवाना असलेले, वकील गाठले. त्यांनी पहिल्यांदा वकीलपत्रावर, म्हणजे आपली बाजू मांडायचा अधिकार वकिलाला देणाऱ्या कागदावर, मामांची सही घेतली. दलालाने ते कधी मागितलंच नव्हतं. वकीलपत्र न घेता कोर्टाचं काम करतो म्हणणारा माणूस वकील नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. सनद नंबर विचारायला लाजू नका, खरा वकील रागावत नाही. वकिलांनी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला. समन्स जुन्या पत्त्यावर गेल्याचं, आता राहण्याचा पत्ता बदलल्याचं त्यात लिहिलं, सोबत मामांचं आधार आणि गावच्या रहिवासाचा दाखला जोडला. पुकारा झाला, मामा हात जोडून उभे राहिले. न्यायाधीशांनी पुढच्या तारखांना हजर राहणार का, एवढंच विचारलं. ५०० रुपये कॉस्ट, म्हणजे खर्चाची रक्कम, लावली, ती कोर्टात भरून पावती घेतली. जातमुचलका, म्हणजे हजर राहण्याची स्वतःची लेखी हमी, आणि एक जामीनदार दिला. संध्याकाळी मामा घरी आले. चेक बाउन्सचा गुन्हा मुळात जामीनपात्र आहे. वॉरंट अजामीनपात्र निघालं तरी माणूस स्वतः वेळेत हजर झाला तर सहसा एवढ्यावर भागतं. हे मामांना पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर! वकिलांची फी धरूनसुद्धा सगळा खर्च दलालाने घेतलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमी झाला.

कोर्टात भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती मिळते. ‘साहेबांना द्यायचे’ म्हणून कोणी मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर त्यासाठीच आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात जावं किंवा १५१०० ला फोन करावा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही कार्यालयं सहसा कोर्टाच्या आवारातच असतात. मामांना ज्या टपरीवर लुबाडलं, तिथून ते दार हाकेच्या अंतरावर होतं, आणि त्यांना ते कोणी दाखवलं नाही याचा मला आजही संताप येतो.

दलालाविरुद्ध आम्ही लेखी तक्रार दिली आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे आणि कोर्टाचा खोटा कागद बनवण्यासाठी कलम ३३७. तक्रारीसोबत तो मूळ कागद आणि फोनपेचा व्यवहार क्रमांक जोडला. रोख दिलेल्या बारा हजारांना साक्षीदार फक्त टपरीवाला आहे आणि तो बोलायला तयार नाही. असा कागद तुमच्याही घरात असेल तर आजच आपली केस ई-कोर्ट्सवर तपासा. टप्पा अजून वॉरंटचाच दिसत असेल तर वकील घेऊन त्या कोर्टात हजर व्हा, आणि कागद फाडून टाकू नका. पोलिसांना तोच लागतो.